हातचे इंधन

वैमानिक आणि डिस्पॅचर आज एकाच मांडवात बसले आहेत, तेव्हा दोघांच्या सह्या ज्या आकड्याखाली असतात त्याबद्दलच बोलतो. इंधनाच्या आकड्याबद्दल.

जाताना वाऱ्याने अडवले तर येताना तोच ढकलतो, म्हणजे फिटंफाट, असा समज हिशेब तपासणाऱ्यांमध्येही आढळतो. तशी फिटंफाट होत नाही. पल्ला १४,४०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन ३२ तास लागतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जाताना १८ तास आणि येताना १४ तास २४ मिनिटे. चोवीस मिनिटे अंगावर पडलीच, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो. शिवाय जाण्यातले ते जादा दोन तास म्हणजे बोइंग ७७७ चे चौदा-पंधरा टन इंधन. ते निघतानाच भरावे लागते. परतीच्या वाऱ्याकडून ते उसने मिळत नाही.

म्हणून अंतराआधी वारा बघायचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट हजारावर किलोमीटरने लांबली, तरी जेट प्रवाह पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी उतरले.

मग टाक्या काठोकाठ भराव्यात का? लांबच्या उड्डाणात जादा भरलेल्या टनातला साधारण तिसरा हिस्सा तो टन वाहण्यातच जळतो. त्यामुळे प्रवासाचे इंधन, त्यावर साधारण ५ टक्के हातचे, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि सगळ्यात शेवटी ३० मिनिटांचे राखीव, अशी मांडणी आपण करतो. हातचे असते ते अंदाज चुकण्यासाठी, आणि वाऱ्याचा अंदाज चुकतो.

मी को-पायलट असतानाची हिवाळ्यातली एक रात्र सांगतो. मुंबईहून पश्चिमेला निघालो होतो. प्रत्येक टप्प्यावर छापील आकड्याशेजारी टाकीतला खरा आकडा पेन्सिलीने लिहायचा, हे माझे काम. पहिली तूट ४०० किलो. पुढच्या टप्प्यावर ९००. त्यापुढे १,६००. कॅप्टनसाहेबांनी तो रकाना बोटाने वरून खाली पुसल्यासारखा तपासला आणि विचारले, "पुढचा आकडा किती येईल?" मी म्हणालो, "दोन हजारांच्या वर, सर." मुक्कामी हवा वाईट होती, घिरट्या घालाव्या लागणार हे दिसत होते. त्यांनी अलीकडच्या विमानतळावर उतरून इंधन घेतले. प्रवासी वैतागले, पण उजाडता उजाडता सगळे सुखरूप पोहोचले. आठवड्याने कार्यालयातून पत्र आले: जादा खर्चाचा लेखी खुलासा करावा. साहेबांनी एकच ओळ लिहिली, "वारा छापल्यापेक्षा जास्त होता." ते पत्र मला आजही बोचते.

बोचते, कारण न उतरल्याचे उदाहरण आपल्या समोर आहे. २५ जानेवारी १९९०. बोगोटाहून निघालेले एव्हियान्काचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कच्या वाटेवर एकूण १ तास १७ मिनिटे घिरट्यांत अडकले. उतरण्याचा पहिला प्रयत्न वाऱ्याच्या झोतांत फसला. इंधन संपत आल्याचे को-पायलटने सांगितले, प्राधान्यही मागितले, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. चारही इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळले. ७३ माणसे गेली. आग लागली नाही, टाक्यांत जळण्यासारखे काही उरलेच नव्हते.

गणित येत नव्हते म्हणून हे घडले असे मला वाटत नाही. योग्य शब्द वेळेवर तोंडातून निघाला नाही. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत त्यासाठी ठरलेले शब्द आहेत: आणखी विलंब परवडणार नसेल तर 'मिनिमम फ्युएल', आणि उतरताना राखीवही मोडणार असे दिसले की तीनदा 'मेडे' म्हणून पुढे 'फ्युएल'. तरुण मित्रांनो, हे शब्द जिभेवर असू द्या. पण जमिनीवर दोन टन जादा मागितल्याबद्दल ज्याला खुलासा द्यावा लागतो, तो आकाशात 'मेडे' म्हणताना कचरतो, हे मी पाहिले आहे.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे: कॅप्टनने जादा मागितलेल्या इंधनाबद्दल किंवा इंधनासाठी मध्येच उतरल्याबद्दल त्याच्याकडून वैयक्तिक खुलासा मागू नये. त्याऐवजी पेन्सिलीचा तो रकाना डिस्पॅचकडे जावा आणि पुढच्या रात्रीच्या नियोजनात वापरला जावा. अनुमोदनासाठी एक वैमानिक आणि एक डिस्पॅचर, अशी दोन नावे मला जेवणाआधी द्या.