नरनाळ्याचा वेढा



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बँकेत कारकुनी करतो, बी.ए.ला इतिहास होता, एवढाच माझा अधिकार. परंतु आपल्या वऱ्हाडचे एकेकाळी स्वतंत्र राज्य होते आणि ते शेजाऱ्याने गिळले, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. म्हणून हा विषय घेतला.

बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे इमादशाही स्थापली. हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू, लहानपणी युद्धात धरून आणलेला. गाविलगड आणि नरनाळा हे या राज्याचे दोन मोठे आधार.

पुढे बुरहान इमादशहा लहान वयात गादीवर आला. तुफालखान या सरदाराने त्याला नरनाळ्यावर कोंडले व कारभार बळकावला. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाला आयतेच निमित्त मिळाले. कैदेतल्या राजाला सोडवायचे, असे सांगून त्याने फौज आणली. वास्तविक विजापूरशी वाटणी आधीच ठरली होती : विजापूरने कर्नाटकाकडचा मुलूख घ्यावा, नगरने वऱ्हाड आणि बीदर. ज्याचे घर वाटायचे, त्याची सही अशा कागदावर लागत नाही. आमच्या बँकेत निदान तेवढी तरी लागते!

तुफालखान नरनाळ्यावर जाऊन बसला. वेढा लांबला. अखेर गडावरची माणसे पैशाने फोडली आणि १५७४ मध्ये गड पडला. मग ज्याला सोडवायला फौज आली होती, त्या बुरहानलाही तुफालखानाबरोबर कैद करून नेले. दोघेही कैदेतच मेले. ८४ वर्षांची इमादशाही संपली.

आणि गिळणाऱ्याला तरी ते कुठे पचले? मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा १५९६ मध्ये चांदबिबीला तहात वऱ्हाडच सोडून द्यावे लागले. अवघी २२ वर्षे!

या स्वारीत सरदारांची नावे मिळतात. गावे किती उजाड झाली, माणसे किती मेली, याचा आकडा मला कोठे सापडला नाही. इथे सम्राट अशोकाची आठवण येते. कलिंगावर स्वारी त्यानेच केली. पण एक लाख मारले गेले, दीड लाख धरून नेले, हा हिशेबही त्यानेच तेराव्या शिलालेखात कोरविला. मात्र खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, तो लेख नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे तो आकडा मांडणे सम्राटालाही जड गेले असावे, असे मला वाटते.

मागे मुलांना घेऊन शहानूरहून नरनाळ्यावर गेलो होतो. मुले तोफेभोवतीच रमली. धाकटीने मात्र तळे पाहून विचारले, “बाबा, इथून पाणी वाहणारी माणसं कोणाच्या बाजूनं होती?” मला उत्तर देता आले नाही.

हिवाळ्यात मंडळाने विद्यार्थ्यांची सहल तिकडे न्यावी, अशी अध्यक्षांना विनंती आहे. वनखात्याची परवानगी तेवढी आधी काढावी लागेल.