बोरघाट, टर्बो आणि जुनी मोटार

कर्जत स्टेशनवर वड्यासाठी खाली उतरलेल्या प्रवाशाला गाडीच्या शेपटाकडे चाललेली लगबग क्वचितच दिसते. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना तिथे मागून बँकर इंजिने जोडतात. पुढे बोरघाट आहे, आणि त्याचा चढ 37 फुटांना 1 फूट. पुढचे इंजिन ओढते, मागची रेटतात. शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीहून, जुना मुंबई-पुणे रस्ता हाच डोंगर चढतो. तिथे मोटारीला रेटणारे कोणी नसते. त्यामुळे जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या हौशी माणसाच्या डोक्यात टर्बो शिरतो, तो अशाच चढावर.

टर्बो म्हणजे सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी चक्की. तिच्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळते आणि ताकद वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये याचे पेटंट घेतले. घाटातल्या ट्रकांवर ‘टर्बो’ ही अक्षरे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

पण ट्रकचे डिझेल इंजिन वेगळे आणि एमजी टीसीचे वेगळे. 1945 ते 1949 या काळात इंग्लंडात बनलेली ही दोन आसनी गाडी. इंजिन 1250 सीसीचे, ताकद जेमतेम 54 अश्वशक्ती, आणि पत्र्याखाली चक्क लाकडाचा सांगाडा! दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेटते. इंजिन खडखडू लागते, हेड गॅस्केट उडते, पिस्टन फुटतात. हे टाळायचे तर कॉम्प्रेशन कमी करा, पिस्टन बदला, कार्बोरेटरची व्यवस्था बदला, टर्बोच्या बेअरिंगला तेलाची वेगळी नळी द्या, रेडिएटर मोठा घ्या. एवढे करून गाडी चढेल झकास. उतरायचे मात्र त्याच जुन्या ड्रम ब्रेकवर. मग ब्रेक बदला, चाके बदला. शेवटी एमजीचे उरते काय? नंबरप्लेट आणि नाव.

तेही उरेल याची खात्री नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा बजावले. इंजिन बदलायचे तरी परिवहन कार्यालयाची आधी परवानगी लागते. 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला नेता येते, रोजच्या वापराला नाही.

माझे मत विचाराल तर शाबूत एमजीला टर्बो लावणे म्हणजे वाड्याच्या कोरीव खांबाला छिद्र पाडून पंखा टांगणे. वारा लागेल, खांब गेला. ज्या गाडीचे मूळ इंजिन केव्हाच भंगारात गेले, तिच्यावर खासगी ट्रॅकपुरता प्रयोग करणाऱ्याशी माझे भांडण नाही. शाबूत गाडीवर मात्र तोच पैसा क्रँक ग्राइंड करण्यात, बोअरिंगमध्ये, कुजलेले लाकूड बदलण्यात घालावा. हे काम जाणणारे मिस्त्री आता थोडे उरलेत, आणि गाडी मूळ रूपात असेल तरच त्यांच्या हाताला काम राहील.

घाट 54 अश्वशक्तीवरही चढतो, फक्त सावकाश. निघण्याआधी रेडिएटर धुऊन घ्या, ब्रेक लायनिंग पाहा, उतरताना गिअर खालचाच ठेवा. वाटेत शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून बॉनेट उघडायला कोणाची ना नाही. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पुरते निवल्यावर, हाताला जाड फडके गुंडाळूनच काढा.