हाडांत मुरलेले पाणी



आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे. आमची हयात कामगार संघटनेच्या कामात गेली. तरीही हाडांच्या एका रोगावर बोलावयास उभे आहोत, त्याला कारण आहे. गुडघे आणि नडग्या ठणकतात म्हणून जो कामावर येत नाही, त्याला मुकादम कामचुकार ठरवितो. घरची माणसे वात म्हणतात. आणि तो बिचारा तेल चोळीत बसतो. पुष्कळदा हे दुखणे सांध्यांच्या झिजेचेच असते. पण काही वेळा त्याचे मूळ माणसाच्या कामात किंवा त्याच्या पाण्यात सापडते. अशा रोगांपैकी एक म्हणजे फ्लोरोसिस.

हाडांतला हा रोग प्रथम नीट ओळखला गेला तो एका कारखान्यात. ग्रीनलंडमधून येणारे क्रायोलाइट नावाचे खनिज कोपनहेगनमध्ये दळून शुद्ध करीत. तेथील कामगारांची छाती धुळीने बिघडली आहे काय, हे पाहण्यासाठी क्ष-किरणांची छायाचित्रे काढली, तो फुप्फुसांबरोबर हाडांनीही लक्ष वेधले. ती नेहमीपेक्षा दाट, पांढरी दिसत होती. १९३२ साली मोलर आणि गुडयॉनसन यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे काय रोहोल्म यांनी या कामगारांचा कसून अभ्यास करून १९३७ साली मोठा ग्रंथ लिहिला. धुळीतले फ्लोराइड पोटात जाऊन हाडांत साचत होते.

त्याच १९३७ साली आपल्या देशात, मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, कारखाना नसतानाही हाच रोग आढळला. तेथे विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड होते. १९७३ साली कृष्णम्माचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी नालगोंडा भागातील तरुणांची हकीकत मांडली. त्यांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासत होते.

हे घडते कसे? पाण्यातले फ्लोराइड काही लघवीवाटे जाते, उरलेले हाड धरून ठेवते. हाड जड होते, पण बळकट होत नाही. स्नायुबंधांत चुना साचतो, सांधे आखडतात, पाठ वाकेनाशी होते. वाढत्या मुलांच्या आहारात चुन्याचा अंश कमी असला, तर पायच वाकतात. पिवळे, डागाळलेले दात ही एक खूण आहे. परंतु दात बनण्याच्या वयात तसे पाणी पोटात गेले असेल तरच ती उमटते. मोठेपणी अशा गावी मजुरीला गेलेल्याचे दात स्वच्छ असतात आणि हाडे बिघडलेली असतात. तेव्हा दात पाहून निर्वाळा देऊ नये.

आता एक साधा हिशोब पाहा. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा. सावलीत बसणारा कारकून दोन लिटर पाणी पितो. त्याच्या पोटात तीन मिलिग्रॅम जातात. उन्हात खडी फोडणारा सहा लिटर पितो. त्याच्या पोटात नऊ जातात. आणि अन्नपाण्यातून मिळून दिवसाला सुमारे सहा मिलिग्रॅमच्या वर गेले की हाडांना धोका संभवतो, असे त्याच संघटनेच्या २००२ सालच्या अहवालात म्हटले आहे. पाणी एकच, मर्यादाही एकच; पण घाम गाळणाऱ्याच्या वाट्याला तिप्पट विष! प्रयोगशाळेने पाणी चालेल म्हटले, तरी ते कोणाला चालेल, हे आपण विचारले पाहिजे.

हा प्रश्न दूरचा नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या आपल्या जिल्ह्यांतही भूजलात फ्लोराइड जास्त सापडते. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची रीत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने बसविली; तिला नालगोंडा पद्धत म्हणतात. वाकलेले हाड औषधाने सरळ होत नाही. पण वेळीच पाणी बदलले आणि दूध, नाचणी पोटात गेली, तर पुढची हानी थांबविता येते.

इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७०० साली आपल्या ग्रंथात सांगितले की रोग्याला त्याचा धंदाही विचारावा. आम्ही त्यात एक प्रश्न जोडतो: पाणी कोठले पितोस, आणि किती? एकाच वस्तीतले चारपाच लोक गुडघे धरून बसू लागले, तर त्यांना आळशी म्हणण्याआधी ग्रामपंचायतीकडून विहिरीचे पाणी तपासून घ्या. तपासणीचा आकडा फळ्यावर लिहावयास लावा. मजुराच्या पायांवर गावाचे काम उभे असते. त्या पायांची चौकशी करणे हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.