नळी कधी काढायची?

ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या खाटेला लघवीची पिशवी टांगलेली आपण पाहतो. ती नळी, म्हणजे कॅथेटर, गरजेची असते. पण जंतूंना मूत्राशयापर्यंत नेणारी वाटही तीच. नळी असेपर्यंत लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के असते. म्हणूनच जाणती सिस्टर रोज राउंडला डॉक्टरांना विचारते, "आज नळी काढायची का?" मला हा प्रश्न कुठल्याही महागड्या अँटिबायोटिकपेक्षा मोलाचा वाटतो.

पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. एक्स-रेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवली, तर साचलेली लघवी उलटी आत जाते. नातेवाइकांनो, असं दिसलं तर संकोच न करता सांगा. नळीचा जोड उघडू नका. पिशवी रिकामी करताना तिची तोटी भांड्याला लागू देऊ नका.

आणि हात! १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. हातमोजे घातले असले, तरी ते काढल्यावर हात धुवायचेच.