इलेक्ट्रोलायझरची ऑर्डर आणि गुंतवणूकदाराचा भरवसा
(स्वागताध्यक्षीय भाषण)

पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणारे यंत्र म्हणजे इलेक्ट्रोलायझर. ही वीज सौर किंवा पवन ऊर्जेची असेल, तर मिळणाऱ्या वायूला हरित हायड्रोजन म्हणतात. तंत्र नवे नाही. नॉर्वेतील नॉर्स्क हायड्रो कंपनी 1927 पासून जलविद्युतेवर अशी यंत्रे चालवून खतासाठी हायड्रोजन काढत होती. आजच्या नेल कंपनीचे मूळ तिथेच आहे. नवी आहे ती शेअर बाजाराची या यंत्रांवरची नजर. गेल्या काही वर्षांत या कंपन्यांच्या शेअरचे भाव कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रांपेक्षा ऑर्डरच्या बातम्यांवर अधिक हलले. मोठ्या उद्योगाकडून ऑर्डर मिळाली, या बातमीवर किती विसंबावे, हा या परिषदेपुढील मुख्य प्रश्न आहे.

औद्योगिक ऑर्डरला बाजारात मान आहे, त्याला कारण आहे. जगात वर्षाला सुमारे 10 कोटी टन हायड्रोजन वापरला जातो. तो मुख्यतः तेलशुद्धीकरण, अमोनिया आणि मिथेनॉल या उद्योगांत खपतो आणि जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू व कोळशापासून बनतो. या गिऱ्हाइकांना हायड्रोजनची गरज पटवून द्यावी लागत नाही. प्रश्न फक्त दराचा असतो. वाहतुकीत मात्र आधी मागणीच निर्माण करावी लागते. अमेरिकेतील निकोला या ट्रक कंपनीने 2018 मध्ये नेलकडे सुमारे 1 गिगावॉट क्षमतेच्या यंत्रांची मागणी नोंदवली, तेव्हा ती बातमी गाजली. हायड्रोजन भरण्याच्या केंद्रांचे नियोजित जाळे त्या प्रमाणात उभेच राहिले नाही, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये निकोलाने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ऑर्डर देणाऱ्याची ऐपत हा ऑर्डरचाच भाग असतो, हे त्यातून दिसले.

गुंतवणूकदारांचा उत्साह 2020 ते 2021 या काळात शिगेला पोचला. व्याजदर तळाला होते आणि युरोपातील सरकारे हायड्रोजनची धोरणे जाहीर करत होती. ब्रिटनमधील शेफिल्डच्या आयटीएम पॉवर या कंपनीचा शेअर जानेवारी 2021 मध्ये 700 पेन्सच्या वर गेला होता. 2022 संपताना तो 100 पेन्सच्या आसपास आला. या काळात कंपनीकडे नामवंत गिऱ्हाइके होती. जर्मनीतील शेलच्या ऱ्हाइनलँड रिफायनरीत तिचा 10 मेगावॉटचा प्रकल्प 2021 मध्ये सुरू झाला होता आणि लिंडे ही बडी कंपनी तिची भागधारक होती. तरीही एप्रिल 2023 मध्ये संपलेल्या वर्षात सुमारे 52 लाख पौंडांच्या उत्पन्नावर करपूर्व तोटा 10 कोटी पौंडांहून अधिक झाला. यंत्राचा आराखडा पक्का होण्याआधीच ठरलेल्या दरात पुरवठा कबूल केला, तर दुरुस्तीचा, हमीचा आणि पडून राहिलेल्या सुट्या भागांचा खर्च उत्पादकाच्या अंगावर येतो. नव्या व्यवस्थापनाने उत्पादनांची संख्या कमी केली, चाचण्या कडक केल्या आणि खर्च आवरला. नंतर ऱ्हाइनलँडच्याच पुढच्या 100 मेगावॉटच्या टप्प्याचे काम कंपनीला मिळाले, तेव्हा बाजाराची नजर मेगावॉटइतकीच नफ्याच्या प्रमाणावर होती.

‘ऑर्डर’ या एका शब्दाखाली बाजारात निरनिराळ्या वजनाचे कागद फिरतात. सामंजस्य करारात फक्त इरादा असतो. त्यानंतर प्राथमिक अभियांत्रिकीचे काम येते. त्याचे पैसे मिळतात, पण थोडे. पुढच्या टप्प्यावर गिऱ्हाईक कारखान्यातील क्षमता राखून ठेवते. ऑर्डरला खरे वजन येते ते गिऱ्हाईक गुंतवणुकीचा अंतिम निर्णय घेऊन काम सुरू करण्याची लेखी सूचना देते तेव्हा, कारण तिथपासून आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याची देयके सुरू होतात. शेवटी यंत्र बसते, चाचणीत ठरलेली कार्यक्षमता दाखवते आणि हमीचा काळ सुरू होतो. पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत कित्येक वर्षे जातात. शेअरचा भाव मात्र बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर उडी मारतो.

थिसेनक्रुप न्युसेरा या जर्मन कंपनीत याचा नमुना स्पष्ट दिसतो. तिच्याकडची ऑर्डर बाजारातील सर्वांत मोठ्या ऑर्डरपैकी होती: सौदी अरेबियातील निओम प्रकल्पासाठी 2 गिगावॉटहून अधिक. रॉटरडॅममधील शेलचा 200 मेगावॉटचा प्रकल्प आणि स्वीडनमधील बोडेन येथील पोलाद कारखान्यासाठीची 700 मेगावॉटहून अधिक क्षमतेची मागणीही तिच्याकडेच होती. या शिदोरीवर जुलै 2023 मध्ये कंपनी फ्रँकफर्टच्या बाजारात 20 युरो दराने आली. 2024 मध्ये भाव 10 युरोच्या खाली घसरला. हातातल्या ऑर्डर पुऱ्या होत होत्या. त्यांच्या जागी तितक्या मोठ्या नव्या येत नव्हत्या, हे कारण होते. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या विद्युत-अपघटनाचा जुना धंदा असल्यामुळे कंपनीची रोकड टिकून राहिली. असा जोडधंदा नसलेल्या काही कंपन्यांना हा उतार झेपला नाही. फ्रान्सच्या मॅकफी कंपनीने जून 2024 मध्ये बेल्फोर्टला मोठा कारखाना सुरू केला आणि पुढच्याच वर्षी ती न्यायालयीन दिवाळखोरीत गेली.

नव्या ऑर्डर अडण्याचे मूळ उत्पादकाकडे कमी आणि गिऱ्हाइकाकडे जास्त आहे. एक किलो हायड्रोजनसाठी 50 ते 55 युनिट वीज लागते, म्हणून दराचा मोठा हिस्सा विजेचा असतो. 2022 नंतर व्याजदर चढले तसा भांडवलाचा भारही वाढला. नैसर्गिक वायूपासून बनणारा हायड्रोजन स्वस्त असताना महाग माल कोणी विकत घ्यायचा, याचे उत्तर नियमांतून यावे लागते. उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या हायड्रोजनपैकी 42 टक्के 2030 पर्यंत नवीकरणीय स्रोतांतून यावा, असे बंधन युरोपीय संघाने 2023 मध्ये घातले. अमेरिकेने किलोमागे 3 डॉलरपर्यंत करसवलत देऊ केली. नियमांचे तपशील ठरेपर्यंत गिऱ्हाइके थांबून राहिली, आणि धोरण बदलले की भाव पुन्हा हलले.

दुसरा दाब चीनचा आहे. तेथील यंत्रे युरोपीय यंत्रांपेक्षा बरीच स्वस्त मिळतात आणि जगात बसवलेल्या क्षमतेतही चीन सर्वांत पुढे आहे. पण किमतीबरोबर कामगिरीही पाहावी लागते. सिनोपेकचा शिनज्यांगमधील कुचा प्रकल्प 260 मेगावॉटचा. तो 2023 मध्ये सुरू झाला. वीज कमी-जास्त होत असताना यंत्रे चालवणे अवघड गेल्याने सुरुवातीला तो पूर्ण क्षमतेने चालू शकला नाही. यंत्र वर्षातून किती तास चालते, हा आकडा त्यामुळे गुंतवणूकदारांच्या प्रश्नांत वर आला.

भारतातील चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली; 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले गेले. त्यातील 4,440 कोटी रुपये इलेक्ट्रोलायझरच्या निर्मितीसाठी आहेत. पहिल्या फेरीत वर्षाला 1,500 मेगावॉट निर्मितीक्षमता वाटली गेली. रिलायन्स, अदानी, लार्सन अँड टुब्रो, जिंदाल इंडिया, ओहमियम, तसेच जॉन कॉकरिल आणि ग्रीनको यांची संयुक्त कंपनी हे विजेत्यांपैकी होते. यांतील बहुतेक व्यवसाय मोठ्या उद्योगसमूहांच्या पोटात आहेत. केवळ इलेक्ट्रोलायझर बनवणारी, आयटीएम किंवा नेलसारखी कंपनी भारतीय बाजारात विरळाच. म्हणून ऑर्डरच्या बातमीने इथे भाव तसे उसळत नाहीत, आणि तोटा झाला तर तो समूहाच्या ताळेबंदात विरून जातो.

पानिपतचे उदाहरण बोलके आहे. इंडियन ऑइलच्या तेथील रिफायनरीसाठी वर्षाला 10,000 टन हरित हायड्रोजन पुरवण्याचे 25 वर्षांचे काम लार्सन अँड टुब्रोच्या उपकंपनीला 2025 मध्ये मिळाले. यंत्रे समूहाच्याच हजिरा येथील कारखान्याची. गिऱ्हाईक सरकारी तेल कंपनी आणि मुदत दीर्घ, म्हणून कर्ज देणाऱ्यांना असा करार भावतो. पण किलोला 55 युनिट धरले, तर एवढ्या हायड्रोजनला अखंड चालणारी सुमारे 63 मेगावॉट क्षमता पुरते. वीज खंडित असेल तर त्याहून जास्त. वर्षाला 1,500 मेगावॉट बनवण्याची तयारी ठेवणाऱ्या कारखान्यांना अशा किती रिफायनऱ्या लागतील, हा हिशेब सोपा आहे. भारतात आज उणीव यंत्रांची नाही, खरेदीच्या पक्क्या करारांची आहे.

ही परिषद मुंबईत भरते आहे, याला त्याच कारणाने अर्थ आहे. माहुलच्या दोन रिफायनऱ्या आणि ट्रॉम्बेचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना, असे हायड्रोजनचे जुने गिऱ्हाईक या शहरात आहे. भांडवल उभे करणारा दलाल स्ट्रीटही इथेच. महाराष्ट्राने जुलै 2023 मध्ये 8,562 कोटी रुपयांच्या तरतुदीसह स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. खरेदीदार, उत्पादक, बँका आणि गुंतवणूकदार यांची गाठ एका सभागृहात पडावी, यासाठी पहिले सत्र खरेदी करारांना दिले आहे, दुसरे यंत्रांच्या कामगिरीला व हमीला, आणि तिसरे भांडवलाला. गिऱ्हाईक कोण, निर्णय अंतिम झाला का, आगाऊ रक्कम आली का आणि चुकले तर खर्च कोणाचा, हे चार प्रश्न तिन्ही सत्रांत समान राहतील. त्यांच्या चर्चेसाठी आलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.