चतुःसीमा



तुमच्या कायद्याच्या पदवीदानासाठी आज नागपूरच्या म्हाळगीनगर चौकातून इकडे वळलो, तर रस्ताच ओळखू येईना. माझ्या लहानपणी हुडकेश्वर गाव होतं, आजूबाजूला वावरं होती. मग लेआउट पडले, 2013 मध्ये आपण महापालिकेत गेलो. प्लॉट घेणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र अजून तोच आहे: ‘आरएल, म्हणजे रिलीज लेटर, आहे का?’

आमच्या बाबांच्या प्लॉटच्या रजिस्ट्रीत चतुःसीमा लिहिताना पूर्वेला रस्ता लिहिला होता. जागेवर तो पश्चिमेला होता. मसुदा मीच उतरवून दिला होता, तेव्हा मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो. चूक दुरुस्तीच्या दस्तापायी बाबांनी किती चकरा मारल्या, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आईनं सांगितलं.

पुढे केनियात काजियाडो भागात जमिनीच्या नोंदींचं काम करताना बाबांची ती रजिस्ट्री आठवली. तिथल्या मसाई लोकांची चराऊ जमीन सामाईक होती. माझ्या फॉर्मात मालकाच्या नावाचा रकाना होता. एका म्हाताऱ्याला विचारलं, ही जमीन कोणाची? तो म्हणाला, ‘कोणत्या महिन्यात?’ पावसात एकाची गुरं, उन्हाळ्यात दुसऱ्याची. माझ्या रकान्यात ते बसेना. त्या देशानं 2016 मध्ये सामुदायिक जमिनीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी असले प्रश्न आहेत.

आंतरराष्ट्रीय काम म्हटलं की तुम्हाला सूटबूट आणि फर्डं इंग्रजी दिसतं. मला चिंतामणराव देशमुख दिसतात. आयसीएस होऊन ते आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात आले, रायपूरला सेटलमेंट ऑफिसर होते. म्हणजे शेतसाऱ्याचं, मोजणीचं काम. जुलै 1944 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक उभारायला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला 44 देश जमले, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून ते भारताच्या शिष्टमंडळात होते. देश पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज. तरी या मंडळींनी मागास देशांच्या विकासाचा मुद्दा लावून धरला. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत तो घ्यायला नकार मिळाला. जागतिक बँकेच्या उद्दिष्टांत मात्र विकास आला. नाणेनिधीतल्या कोट्यातही भारत 40 कोटी डॉलरवर, सहावा राहिला. पहिल्या पाचांना कार्यकारी मंडळावर हक्काची जागा होती. पुढे सोव्हिएत रशिया निधीत आलाच नाही आणि भारत पाचात गेला. याला कोणी नशीब म्हणेल. पण आकड्यासाठी झगडून सहावा नंबर राखला नसता, तर नशीब काय करणार होतं?



वाटाघाटी मला जेवढ्या कळल्या, त्यात गोड बोलणारा फार काळ टिकत नाही. मसुदा रात्री पुन्हा वाचून आलेला, आणि त्या मसुद्यातली जमीन पायाखालून घातलेला माणूस टिकतो. तुमच्यातले काही जिनिव्हाला जातील, काही नैरोबीला, बरेचसे इथल्या जिल्हा न्यायालयात बसतील. माझ्या लेखी काम एकच आहे.

म्हणून एक मागणं. आज घरी गेलात की पेढे वाटून झाल्यावर बाबांकडून प्लॉटची फाइल मागून घ्या. रजिस्ट्री शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि चतुःसीमा बाहेर उभं राहून ताडून पाहा.