एका गिटारीचा नाद

आपल्या भाषेत 'नाद' या शब्दाला दोन अर्थ आहेत. तंबोऱ्यातून निघतो तोही नाद आणि माणसाला लागतो तोही नाद. पहिल्याचे शास्त्र आहे. दुसऱ्याचे नाही, आणि म्हणूनच घरातली वडीलधारी माणसे त्याला भितात. वाद्य विकत घेण्याचा प्रसंग आला की हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. आपल्याला आवाज हवा आहे की वस्तू हवी आहे, हे ओळखणे कठीण होऊन बसते. एका जुन्या विजेच्या गिटारीच्या निमित्ताने हा प्रश्न मला अलीकडे सोडवावा लागला. त्याची हकिकत आज आपल्यापुढे मांडतो.

विजेची गिटार म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भरीव लाकडाची चपटी फळी येते. परंतु या वाद्याची दुसरी, वयाने थोरली जात पोकळ पेटीची आहे. मिरजेचा तंबोरा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला पोकळीचे महत्त्व समजावून सांगायला नको. तार एकटी बोलत नाही. भोपळा तिच्याबरोबर बोलतो. विजेच्या गिटारीतही प्रारंभी हाच विचार होता. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेतील नृत्यवृंदांतून तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांची गर्दी झाली, तीत गिटारीचा आवाज बुडून जाई. तेव्हा गिब्सन या कंपनीने १९३६ साली पोकळ गिटारीला चुंबक आणि तारेचे वेटोळे जोडून 'ईएस-१५०' हे वाद्य बाजारात आणले. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची ती हवाईयन गिटार. तिच्यापासून हिचे वेगळेपण दाखवण्यासाठी हे नाव. आपल्याकडे व्हॅन शिप्ली यांच्यासारख्या वादकांमुळे जी घरोघरी पोहोचली, ती हवाईयन. चार्ली ख्रिश्चन या तरुणाने १९३९ पासून बेनी गुडमनच्या वृंदात स्पॅनिश जातीची विजेची गिटार अशी वाजवली की ताल धरणारे हे वाद्य पुढे येऊन स्वतः बोलू लागले. १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो वारला.

ज्या गिटारीने मला गुंतवले ती 'ईएस-१७५'. हिचा जन्म १९४९ चा. त्या वेळी तिची किंमत १७५ डॉलर होती आणि तीच तिच्या नावात राहिली. रुंदी सुमारे सव्वासोळा इंच, खोली साडेतीन इंचांच्या आतबाहेर, एका बाजूस शिंगासारखा टोकदार काप, आणि पेटी मेपलच्या प्लायवूडची. प्लायवूड हा शब्द ऐकून नाक मुरडू नये. कोरीव अखंड लाकडाहून ते स्वस्त पडते, हे एक कारण. परंतु त्याचा दुसराही उपयोग आहे. सभेत ध्वनिक्षेपक अचानक किंचाळतो, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने घेतला असेल. पोकळ गिटारीत हेच घडते. कर्ण्यातून निघालेला आवाज पेटीत शिरतो, पेटी थरथरते, तिच्याबरोबर तारा थरथरतात, तो कंप पुन्हा कर्ण्याकडे जातो आणि चक्र वाढत राहते. प्लायवूडची ताठ पेटी अखंड लाकडाइतकी सहज थरथरत नाही, त्यामुळे हे चक्र थोडे आवरले जाते. १९५७ साली या गिटारीला दुहेरी वेटोळ्याचे नवे पिकअप मिळाले आणि विजेची घरघरही कमी झाली. हर्ब एलिस, जिम हॉल, जो पास यांचा मऊ, गोलसर, किंचित दबका स्वर याच जातीच्या वाद्यातून आला.

त्यांतील जो पास यांची गोष्ट माझ्या विचाराला फार उपयोगी पडली. मादक द्रव्यांच्या आहारी जाऊन या वादकाची उमेदीची वर्षे वाया गेली होती. कॅलिफोर्नियातील एका सुधारगृहात असताना १९६२ साली त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. त्या काळात त्यांच्या हाती होती ती भरीव लाकडाची गिटार. पुढच्या वर्षी एका चाहत्याने त्यांना ईएस-१७५ भेट दिली आणि ती त्यांनी वर्षानुवर्षे वाजवली. या गोष्टीतून दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जातात. हात तयार असला तर वाद्य कोणते हा प्रश्न दुय्यम ठरतो, ही पहिली. आणि तयार हाताला योग्य वाद्य मिळाले तर तो ते सोडत नाही, ही दुसरी. खरेदी करू पाहणारा माणूस सोईप्रमाणे यांपैकी एक निवडतो. मी काही दिवस दुसरीच निवडली होती.

माझी नेमणूक तेव्हा कलकत्त्यात होती. पार्क स्ट्रीटवरील उपाहारगृहांतून आणि पुढे प्रवासी जहाजांवरील वाद्यवृंदांतून आयुष्यभर गिटार वाजवलेले एक गृहस्थ तेथे राहत. मूळचे ते बार्देशचे. त्यांच्या कोकणीत आणि माझ्या मराठीत आमचा व्यवहार चाले. संधिवाताने त्यांची बोटे आखडली होती आणि घरात औषधांचा खर्च वाढला होता. जहाजावरच्या नोकरीत घेतलेली आपली ईएस-१७५ विकावी असे त्यांच्या मनात आले, आणि त्यांनी मला बोलावले.

सरकारी नोकराला कागदपत्र तपासण्याची सवय असते. ती येथे उपयोगी आली. १९७७ पासून पुढे बरीच वर्षे या कंपनीच्या गिटारींच्या मस्तकामागे आठ आकडे ठोकलेले असत. त्यांतील पहिला आणि पाचवा मिळून वर्ष सांगतात. ते १९८० निघाले. शेवटचे तीन आकडे पाचशेच्या आत होते, म्हणजे वाद्य मिशिगनमधील कॅलामझूच्या जुन्या कारखान्यातले. तो कारखाना १९८४ साली बंद झाला. या गिटारींचे मस्तक मागे कललेले असते, त्यामुळे पडल्यास मान नेमकी तेथेच मोडते आणि सरस लावून जोडलेली चीर रंगाखाली लपते. दिवा तिरपा धरून पाहिले, चीर नव्हती. मान सरळ होती. पडदे झिजले होते, पण ते बदलता येतात. मग वीज न जोडताच मी एक स्वर छेडला. पेटी छातीला टेकलेली असल्यामुळे तो कानाआधी बरगड्यांना कळला. भरीव गिटारीत हे सुख नाही. घरची माणसे झोपल्यावर, कोणासही न उठवता वाजवता येईल असे हे वाद्य आहे, हेही तेव्हाच ध्यानात आले.

त्यांनी किंमत सांगितली सव्वा लाख रुपये.

आता माझ्यापुढे तीन प्रश्न होते. पहिला गरजेचा. माझ्याकडे भरीव गिटार आहे आणि गेली अकरा वर्षे मी रोज अर्धा तास तिच्यावर घालवतो. माझ्या बोटांत जे नाही ते नव्या वाद्यातून येणार नव्हते. जे आहे ते मात्र अधिक गोड झाले असते. दुसरा प्रश्न निगराणीचा. दर तीनचार वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाचे सामान कधी बंगालच्या दमट हवेत, तर कधी दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात राहते. प्लायवूडची पेटी हे बरेचसे सोसते. हे दोन्ही प्रश्न सुटण्यासारखे होते.

तिसरा प्रश्न किमतीचा, आणि तो मला वाटला होता त्याच्या उलट निघाला. हे वाद्य आता नियमित उत्पादनात नाही. या अवस्थेतील गिटारीला बाजारात साडेतीन लाखांच्या आसपास किंमत येते, हे मी चौकशी करून जाणून होतो. त्यांना ते ठाऊक नव्हते. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतल्यास ते महिन्याच्या आत वरिष्ठांना कळवावे लागते. सव्वा लाख ही रक्कम माझ्या मर्यादेच्या आत होती. म्हणजे स्वस्तात घेतली असती तर मला कोणालाच काही कळवावे लागले नसते. नियमाचे बोट या व्यवहाराला लागतच नव्हते.

घरी हा विषय निघाला तेव्हा पत्नीने एवढेच विचारले, "त्यांना खरी किंमत कळली आणि मग ते तुम्हांला भेटले, तर तुम्ही काय बोलाल?" मला उत्तर सुचले नाही. साडेतीन लाख द्यायचे तर मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात लावावा लागला असता, आणि ती ठेव माझ्या छंदाची नव्हती. तेव्हा निर्णय आपोआप दोन भागांत विभागला. गिटार त्या किमतीची होती. मी त्या किमतीचा गिऱ्हाईक नव्हतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्यांना बाजारभाव सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमका नाका काय?" मी म्हटले, "हवी आहे, पण परवडत नाही." महिन्याभरात बेंगळुरूच्या एका व्यावसायिक वादकाने पूर्ण किंमत देऊन ती नेली. नेण्यापूर्वी त्यांनी मला एक संध्याकाळभर ती वाजवू दिली.

श्रोतेहो, वाद्य घ्यावे की घेऊ नये याचा सर्वांना लागू पडेल असा नियम मला सांगता येणार नाही. घेण्यापूर्वी मान पाहावी, आकडे वाचावेत, वीज न जोडता एक स्वर ऐकावा, आणि किमतीची चौकशी केवळ आपल्या बाजूने करू नये, एवढे सांगतो. माझा रोजचा अर्धा तास चालू आहे. त्या संध्याकाळी ऐकलेला स्वर कानांत आहे. माझ्या भरीव गिटारीतून तो निघत नाही, परंतु आता मी शोधतो आहे तो कोणता, हे मला ठाऊक आहे.